मिरजगाव स्पीड

ज्या माणसाचा मी आयुष्यात सर्वांत जास्त मत्सर केला तो माझा मित्र होता. मत्सर शत्रूचाही करता येतो, पण शत्रू रोज भेटत नाही. मित्र रोज भेटतो, खांद्यावर हात टाकतो, चहा पाजतो, आणि आपल्या पोटात दुखायला लागतं.

आम्ही तिघं होतो, नगरला कॉलेजात एकाच वर्गात. एकमेकांना नावानं हाक मारायची पद्धत आमच्यात नव्हती. एकाचे वडील दिल्ली गेटच्या बाजूला दवाखाना चालवायचे, म्हणून तो 'डॉक्टर', जरी रक्ताचा थेंब बघून त्याला घेरी यायची. दुसऱ्याचे वडील भिंगारला लष्कराच्या कचेरीत कारकून, म्हणून तो 'कॅम्प'. मी कर्जत तालुक्यातून आलेला, शिक्षकाचा मुलगा, खोली घेऊन राहणारा. म्हणून मी 'मिरजगाव'. डॉक्टर म्हणजे निदान एक माणूस तरी होता. मी आख्खं गाव होतो, एसटी स्टँडसकट.

तिघांना वेड एकच. विलायतेतल्या चौघांचा एक बँड होता. त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर आजची पोरं लगेच माहिती काढून मला दुरुस्त करायला बसतील. हे चौघं गिटारी अशा काही वाजवायचे की डॉक्टरच्या माडीवर रेकॉर्ड लागली की खाली दवाखान्यातले पेशंट वर छताकडे बघायचे. ढोल वाजवणारा तर ढोलाशी जुनं वैर असल्यासारखा वाजवायचा. गाण्यातलं इंग्रजी आम्हाला चार आणे कळायचं. कॅम्पला थोडं जास्त, कारण त्याच्या शेजारी लष्करातले साहेब राहायचे. डॉक्टरला सगळंच कळायचं, कारण तो डॉक्टर होता.

रेकॉर्डी आम्ही वर्गणी काढून पुण्याहून मागवायचो. मालकी तिघांची. मग ती ठेवायची कुणाच्या घरी? त्यासाठी आम्ही एक नियम केला होता. नवी रेकॉर्ड आली की तिघांनी बसून ऐकायची. पहिल्यांदा ती सगळ्यांनाच आवडते असं नाही. मग ज्याला आवडली त्यानं बाकीच्या दोघांना ती पटवायची. इथे ऐक, आता गिटार कशी खाली येते बघ, हा शब्द असा का म्हटलाय सांग, असं करत करत दोघांच्या माना हलवायच्या. ज्यानं पटवली, रेकॉर्ड त्याच्याकडे मुक्कामाला. आमचा शब्दच होता तो, 'पटवणे'. लग्नाच्या वयातली तीन मुलं, आणि पटवत होतो काय, तर रेकॉर्डी.

तेव्हा सगळ्या रेकॉर्डी डॉक्टरकडे होत्या. एकूण एक.

याचं कारण त्याच्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत आलो. पण ते खरं नव्हतं. कॅम्पनं दोनदा एकेक रेकॉर्ड पटवून नेली होती, ती त्याच्या आईनं घरात नको म्हणून परत केली, एवढंच. खरं कारण असं की डॉक्टरला कान होता. तो खुर्चीत मागे रेलायचा, डोळे अर्धे मिटायचा, आणि आम्हाला नुसता गोंगाट ऐकू येत असताना म्हणायचा, "थांबा. आता मागून एक गिटार हळूच आत येईल." आणि ती यायची! मला त्या गिटारीचाही राग यायचा. त्याच्या सांगण्यावरून आल्यासारखी काय येते ही?

माझ्या खोलीत भिंतीत एक फडताळ होतं. त्याचा वरचा कप्पा मी पुसून, वर्तमानपत्र अंथरून रिकामा ठेवला होता. वाजवायला माझ्याकडे काही नव्हतं. पण एक रेकॉर्ड तिथे उभी असावी, कुणी आलं तर "ही मी पटवली" असं म्हणता यावं, एवढीच माझी इच्छा होती. घरमालकीणबाईंनी एकदा विचारलं, तो कप्पा मोकळाच आहे तर लोणच्याची बरणी ठेवू का. मी नाही म्हणालो. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

दुष्काळाच्या त्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर, त्या बँडची नवी रेकॉर्ड आली. कव्हरवर चौघांचा फोटो होता. ढोलवाल्याच्या डोक्यावरचे केस पार गेले होते, गाणाऱ्याला पोट सुटलं होतं. कॅम्प म्हणाला, "हे तर तलाठी दिसायला लागले."

डॉक्टरच्या माडीवर रेकॉर्ड लागली. आणि पहिल्या गाण्यात ढोलच नाही. एक साधी गिटार आणि तो एकटा माणूस काहीतरी म्हणतोय. दुसऱ्यात ढोल आला तोही बिचकत. मी मात्र रेकॉर्ड ऐकतच नव्हतो. मी डॉक्टरचं तोंड बघत होतो. त्याचे डोळे अर्धे मिटतात का, मान हलते का, तो 'थांबा' कधी म्हणतो. पहिली बाजू संपायच्या आत त्यानं सुई उचलली.

"संपले हे लोक," तो म्हणाला. "दम गेला."

"म्हातारे झाले," कॅम्प म्हणाला.

"म्हातारे झाले," मीही म्हणालो. त्या वेळी मी दुसरं काय म्हणणार होतो?

रेकॉर्ड कुणालाच नको होती. नियमाप्रमाणे ती कुणाच्याच घरी जाऊ शकत नव्हती. सुट्टी लागली होती, डॉक्टर मुंबईला मामाकडे निघाला होता, म्हणून त्यानं ती माझ्या हातात दिली. "ने गावाला. पापड वाळवायला होईल." मी हसलो. हसताना आतून जे काही होत होतं त्याला मराठीत जळफळाट म्हणतात. त्याला नको असलेली रेकॉर्डही मला त्याच्याच हातून मिळत होती.

मिरजगावला माझे धाकटे चुलते स्पीकरवाले होते. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. लग्न, बारसं, जत्रा, पुढाऱ्याची सभा, कुठेही तात्यांचा संच जायचा: रेकॉर्डचं मशीन, अँप्लिफायर, एक माईक, दोन कर्णे आणि मोटारीची एक मोठी बॅटरी. वस्त्यांवर वीज नव्हती, त्यामुळे सगळा संच बॅटरीवरच चालायचा. पण त्या वर्षी लग्नं उरकली जायची तीही चार माणसांत, बिनवाजंत्रीची. संच पडवीत पोतं टाकून ठेवलेला. बॅटरी नगरला नेऊन चार्ज करायची, तर तात्या म्हणाले, "शिजन न्हाई, कशाला भरायची?"

मला राहवेना. रेकॉर्ड होती, मशीन होतं आणि करायला दुसरं काही नव्हतं. तेव्हा गावात पाण्याचा टँकर यायचा. विहिरीत पाणी ओतेपर्यंत त्याचं इंजिन चालू असायचं. मी टँकरवाल्याशी गोड बोलून, रोज त्याला काकूच्या हातचा चहा नेऊन देऊन, तेवढ्या वेळात तात्यांची बॅटरी त्याच्या बॅटरीला जोडायची सोय केली. पाणी ओतून झालं की तो वायरी काढून निघून जायचा. विहिरीच्या तळाला जेवढं पाणी यायचं तेवढीच माझ्या बॅटरीत वीज. पण तासभर संच चालायचा.

तात्यांच्या मशीनची सुई म्हणजे नांगराचा फाळ. तिच्याखाली ती विलायती रेकॉर्ड घातली आणि पडवीतला कर्णा गुरगुरला.

काय सांगू? हे तेच गाणं आहे यावर माझा विश्वास बसेना. गिटारीची एकेक तार वेगळी, लांबवर, जड पावलांनी येत होती. तो माणूस गात नव्हता, कुणाला तरी खूप दिवसांनी काहीतरी सांगत होता, आणि सांगताना त्याला घाई नव्हती. आवाज खोल, जवळजवळ कर्ण्याच्या तळातून आलेला. पुढच्या गाण्यात ढोल आला तो असा, की एक ठोका पडला की दुसरा पडेल की नाही याची वाट बघावी. आणि बाजूचं शेवटचं गाणं तर आणखीच संथ होत जायचं. शेवटची ओळ तो माणूस इतकी ओढत म्हणायचा की आपणच त्याच्यासाठी श्वास घ्यावा. मी पडवीत पोत्यावर बसून राहिलो. डॉक्टरचं तोंड बघायला समोर नव्हतं, त्यामुळे मी पहिल्यांदाच एखादी रेकॉर्ड माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकली.

काकू चुलीपासून उठून दारात आली. "कोन गेलं रं त्याचं?" तिनं विचारलं.

"कुणाचं?"

"ह्या बाबाचं. लई दुखावल्यावानी म्हनतोय."

त्यानंतर काकू रोज ऐकायला लागली. पीठ मळता मळता ती म्हणायची, "तुजा तो दुखावलेला बाबा लाव की." तात्यांनाही हळूहळू सवय झाली. एकदा ते म्हणाले, "जरा मंदच वाजतंय, न्हाई का?" आणि मग स्वतःच म्हणाले, "आता इंग्रजीतलं मला काय ठावं. आसंल तसंच." हिंदी सिनेमाचं गाणं असतं तर गावातल्या शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं की बॅटरी बसलीय. पण हे गाणं किती वेगानं वाजायला हवं हे आमच्या पंचक्रोशीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी फक्त मनात म्हणत होतो, की डॉक्टरला हे ऐकू आलं नाही. त्याच्या त्या अर्ध्या मिटल्या डोळ्यांना हे दिसलं नाही. पहिल्यांदाच काहीतरी मला ऐकू आलं होतं आणि त्याला नाही.

एकदा तर आख्ख्या दुष्काळी कामावर ती रेकॉर्ड वाजली. रस्त्यासाठी खडी फोडायचं काम चालू होतं, कुणी मोठे साहेब बघायला येणार होते, आणि माईकसाठी तात्यांना बोलावणं आलं. आम्ही संच टँकरवर घालून नेला. साहेब काही वेळेवर येईनात. मुकादम म्हणाला, "लावा की कायतरी." तात्यांनी सिनेमाच्या रेकॉर्डी घरीच ठेवलेल्या, भाषणाला कशाला लागतात म्हणून. माझ्या पिशवीत माझी रेकॉर्ड होती. ती मी कुठेही सोडत नसे.

उघड्या माळावर, बायाबापड्या खडी फोडत असताना, कर्ण्यातून विलायतेचा तो माणूस बोलायला लागला. दोनचार बाया आधी पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हणाली, "आगं, ह्यो तर आपल्यापरीस उपाशी हाय." मग हसू ओसरलं. ढोलाचं गाणं आलं तेव्हा बघितलं तर बऱ्याच जणींचे हातोडे त्या ठोक्याबरोबर पडत होते. मुद्दाम नाही. तो ठोकाच असा होता की हातोडा उचलायला आणि खाली यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच त्याला लागायचा. मला वाटलं, हे डॉक्टरला सांगायचं. इथे ऐक म्हणून सांगायचं. ही रेकॉर्ड मी पटवणार, आणि ती माझ्या फडताळात उभी राहणार.

सगळी सुट्टी मी त्याचीच तयारी करत होतो. कुठल्या गाण्यापासून सुरुवात करायची, कुठे थांबायचं, 'थांबा' कसं म्हणायचं. हो, ते 'थांबा'सुद्धा मी पडवीत म्हणून बघितलं होतं. रेकॉर्ड मला पाठ झाली होती. शब्द कळत नव्हते, पण कुठला शब्द किती लांब आहे ते माहीत होतं.

कॉलेज उघडलं तशी मी रेकॉर्ड काखेत मारून डॉक्टरच्या माडीवर गेलो. कॅम्प आधीच येऊन बसला होता. मी तोंड उघडायच्या आत डॉक्टर उठला आणि माझ्या हातातली रेकॉर्ड बघून म्हणाला, "बरं झालं आणलीस. अरे, आपण गाढव आहोत!"

"का?"

"ही त्यांची सगळ्यांत चांगली रेकॉर्ड आहे. आपण नीट ऐकलीच नाही. मुंबईला मामेभावाकडे रोज ऐकत होतो. आधी तिथले सगळेही नावं ठेवत होते, आता डोक्यावर घेतलीय. दम गेलेला नाही, दम धरलाय त्यांनी. ओरडायचं सोडलंय, बस." आणि कॅम्पकडे वळून, "पहिल्या गाण्यात ढोल का नाही माहितीय? दुसऱ्यात तो यावा, म्हणून पहिल्यात नाही."

हे वाक्य माझं होतं! अगदी याच शब्दांत नव्हे, पण हे मी सांगायला आलो होतो. पडवीत पोत्यावर बसून, टँकरवाल्याला चहा पाजून मी जे मिळवलं, ते यानं मामेभावाच्या गादीवर लोळून मिळवलं. माझ्या तोंडचा घास होता तो. वर हा माणूस चूक कबूल करूनही मोठा होत होता. आपण चुकलो असं आधी म्हणायचा मानही त्यानंच घेतला.

"मलाही," मी म्हणालो, "मलाही ती आवडलीय. सुट्टीत मी..."

"आवडणारच!" तो म्हणाला, माझ्या खांद्यावर हात ठेवून. खऱ्या प्रेमानं. तेच तर सहन होत नव्हतं.

त्यानं रेकॉर्ड लावली. आणि मला वाटलं मशीन बिघडलंय. गिटार धावत सुटली होती. तो माणूस, काकूचा दुखावलेला बाबा, गाडी सुटायच्या आत निरोप सांगावा तसा भराभरा गात होता. आवाजही बारीक, कुणा तरण्या पोराचा. कॅम्पची मान हलायला लागली. डॉक्टरचे डोळे अर्धे मिटले. मी दोघांकडे बघत होतो आणि माझं गाणं कुठे गेलं ते शोधत होतो.

ढोलाचं गाणं आलं. खडीच्या हातोड्यांना पेलणार नाही अशा वेगानं ठोके पडायला लागले. माझ्यानं राहवलं नाही. मी उठलो, मशीनपाशी गेलो आणि रेकॉर्डच्या कडेला हलकेच बोट टेकवलं. रेकॉर्ड मंदावली. आवाज खाली आला, हेलकावला, क्षणभर, अगदी क्षणभर, तो बाबा बोलल्यासारखा वाटला, आणि मग सगळं नुसतंच घरंगळत गेलं.

"अरे, काय करतोस?" डॉक्टर ओरडला.

"हे चुकीचं वाजतंय. हे एवढं जोरात नाहीये."

मग कॅम्पनं विचारलं, "तू कशावर ऐकलीस?" मी सांगितलं. तात्यांचा संच, बॅटरी, टँकर, सगळं. सांगता सांगताच मला कळलं. कॅम्पलाही कळलं. तो हसून हसून आडवा झाला. "बॅटरी बसली होती, लेका! बसल्या बॅटरीवर ऐकलीस तू! मिरजगाव स्पीड!"

रेकॉर्डला वेग तीन असतात हे मशीनवर लिहिलेलं असतं. त्या दिवसापासून आमच्यात चौथा झाला. कुणी सायकल हळू चालवली, मिरजगाव स्पीड. कॅण्टीनचा चहा उशिरा आला, मिरजगाव स्पीड. मास्तरांनी धडा लांबवला, मिरजगाव स्पीड. मी हसायचो. न हसून सांगतो कुणाला?

रेकॉर्ड नियमाप्रमाणे डॉक्टरच्या कपाटात गेली. पटवली त्यानं. ठेवताना त्यानं ती उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, "पार नांगरलीय रे तुझ्या तात्यांनी." एवढंच. तो हसला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. मी खोलीवर आलो आणि घरमालकीणबाईंना सांगितलं, बरणी ठेवा.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, आणि माणसांची लग्नं पुन्हा कर्णे लावून व्हायला लागली. मी सुट्टीला गावी होतो. एका सकाळी स्टँडवरून डॉक्टर चालत आला. इस्त्रीच्या शर्टावर धूळ, काखेत ती रेकॉर्ड. तो याआधी मिरजगावला कधीही आला नव्हता.

"तुझ्यासारखी ऐकायचीय," तो म्हणाला.

"कशी?"

"तू ऐकलीस तशी. मी घरी करून बघितलं. बोट लावून बघितलं, तीन-चार तऱ्हांनी. नुसतीच रडते. पण तू बोट लावलंस तेव्हा मध्येच एक सूर आला होता. मी ऐकला. तेव्हापासून नीट लागली की मला ती उथळच वाटते." त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "तुझ्याकडे काय वाजत होतं रे?"

आम्ही पडवीत बसलो. तात्या लग्नाच्या सुपारीवर जायच्या तयारीत होते. बॅटरी आदल्याच दिवशी नगरहून भरून आणलेली, टम्म. त्यांनी मोठ्या कौतुकानं शहरातल्या पाहुण्यासाठी संच मांडला. मी सुई ठेवली. कर्णा दणाणला, आणि गाणं धावत बाहेर पडलं. अगदी मुंबईच्या वेगानं. मुंबईच्या मामेभावाकडे वाजत असेल त्याहून तिळभर मंद नाही.

डॉक्टर कान देऊन ऐकत होता. पहिलं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. तो वाट बघत होता.

"बॅटरी भरलेली आहे," मी म्हणालो.

"मग उतरव."

"लग्नाला निघालीय ती. आणि तेव्हा टँकर होता. आता विहिरीला पाणी आहे."

काकू चहा घेऊन आली. कर्ण्याकडे बघत उभी राहिली. "ह्ये त्येच का रं?" तिनं विचारलं. "आता लईच घाई करतंय. तवा कसं बेस म्हनायचा. रातभर कानात ऱ्हायचं माज्या." मग डॉक्टरला कप देत म्हणाली, "तुमी न्हाई ऐकलं व्हय तवा? आरारा."

डॉक्टरनं कप हातात घेतला आणि काकूकडे बघितलं. ती नजर मी लगेच ओळखली. मी ती आरशात बघितली होती, कितीतरी वर्षं. ज्या बाईला बँड म्हणजे काय हे माहीत नव्हतं, जी पीठ मळता मळता ऐकत होती, तिच्यावर डॉक्टर जळत होता. आणि माझ्यावर. मला जो आनंद झाला तो सांगायला मला लाज वाटत नाही. कुठल्याही रेकॉर्डनं मला असा आनंद दिलेला नाही.

तात्या संच घेऊन लग्नाला गेले. आम्ही जेवलो, वावरातून हिंडून आलो. स्टँडकडे निघालो तेव्हा वाटेत तो थांबला.

"तू म्हणून दाखव," तो म्हणाला. "पाठ असेल तुला. ते ढोलाचं नको, पहिलं दाखव. नुसतं गुणगुण. मी डोळे मिटून ऐकतो. मला पटलं तर रेकॉर्ड तुझी. नियम आहे."

त्यानं रेकॉर्ड माझ्यापुढे धरली. ती नांगरलेली, तिघांच्या वर्गणीची, पोट सुटलेल्या माणसांचा फोटो असलेली रेकॉर्ड. मला फक्त तोंड उघडायचं होतं. एकूण एक सूर माझ्या गळ्यात होता, कुठला शब्द किती लांब, कुठे श्वास, सगळं. आणि तो डोळे मिटून उभा होता. पूर्ण मिटून, अर्धे नव्हे. त्यानं ऐकलं असतं, आणि त्याला तो कान होता, त्याला ते एकदाच ऐकून कायमचं राहिलं असतं. मग नगरला जाऊन त्यानं कॅम्पला सांगितलं असतं, "थांबा. आता बघा."

"आठवत नाही रे," मी म्हणालो. "तेव्हा रोज ऐकत होतो. आता ही घाईची ऐकून ऐकून ती गेली."

त्यानं डोळे उघडले. रेकॉर्ड पुन्हा काखेत धरली.

एसटी आली. खिडकीत बसल्यावर त्यानं वाकून पुन्हा विचारलं, "खरंच काही नाही? सुरुवातसुद्धा?"

"नाही."

गाडी नगरच्या रस्त्याला लागली. खिडकीतून त्याचं डोकं बाहेर होतं तोवर मी हात हलवला. मग घराकडे वळलो आणि पहिल्या गाण्याला सुरुवात केली, हळूहळू, एकेक तार लांबवर ठेवत. स्टँडपासून आमचं घर जवळच होतं. पण गाणं संपायच्या आत घर यायला नको, म्हणून मी वेशीकडून वळसा घालून गेलो.